हातातली काठी टाकली तेव्हा

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी आजवर फक्त हसायला वाचत आलोय, आधीच कबूल करतो. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात लिंबू लागतं ते फक्त सरबताला. त्यात माझा धंदा मोटार रिवायंडिंगचा, पिंपळवंडीत. मोटार बंद पडली की कारण सापडतंच... आज नाही तर उद्या. म्हणून हे लिहायला मला इतके दिवस लागले.

झालं असं, की पावसाळ्यात दुकानाच्या पायरीवरून घसरलो आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. घरात बसून मी नुसता खेकसत होतो. बायको, सुजाता, वैतागून मुलीला फोनवर म्हणाली, "प्रज्ञा, तुझ्या बापाला कायतरी उद्योग दे बाई, न्हाईतर मीच कुठंतरी निघून जाते."

प्रज्ञा पुण्यात नोकरी करते. तिला एकट्यानं खेळायच्या पत्त्यांच्या खेळांचा भारी नाद. तिनं माझ्यासाठी तसलाच एक खेळ हातानं तयार करून आणला, चित्रंसुद्धा स्वतः काढलेली. आपण रानात अडकलोय आणि बाहेर पडायचंय. मोबाईलवर टायमर लावायचा आणि भराभर पत्ते उलटायचे. काठी, दोरी, टॉर्च, भाकरी असे पत्ते आले की हातात घ्यायचे. धुकं, बिबट्या, कडा आला की त्यावर योग्य तो पत्ता टाकून जीव वाचवायचा. शेवटी 'वाट' येते, पण तोवर हात रिकामा पाहिजे. एक जरी पत्ता हातात राहिला तरी सुटका नाही!

मी रोज मरायचो. कारण काठी माझ्याच्यानं टाकवायचीच नाही. पुढं बिबट्या आला तर? लागेल की!

"पप्पा, अहो टाका ना ती काठी!" प्रज्ञा व्हिडिओ कॉलवरून ओरडायची.

"त्यांच्या दुकानात जाऊन बघ," सुजाता म्हणायची. "लग्नाच्या आदीचे नटबोल्ट हायेत अजून."

प्लास्टर निघालं, पाय चांगला चालायला लागला, तशी सुजाता म्हणाली, घाटमाथ्यावर आहुप्याला जाऊ. तिला तिथली देवराई बघायची होती. निघायच्या दिवशी सकाळी चहा होईस्तोवर मी एक डाव लावला. धुकं आलं, कडा आला, आणि मग एक पत्ता आला जो मी आधी कधीच पाहिला नव्हता. पांढरी गाय, गळ्यात घंटा आणि खाली लिहिलेलं — 'आवाजाकडं जा'.

"अगं, हे कधी घातलं पोरीनं?" मी हाक मारली. सुजाता पिठाच्या हातानंच आली, वाकून बघितलं. "गाय लई भारी काढलीय," म्हणाली आणि गेली तव्याकडं. तेवढ्यात टायमर वाजला. मेलो! पत्ते गोळा करून डबीत टाकले आणि आम्ही मोटरसायकलवर निघालो.

आहुप्यात चहाच्या टपरीवर एक म्हातारबाबा होते. आम्ही देवराईकडं निघालो तसं म्हणाले, "पावणं, बघा, हिंडा. पन आतलं काय उचलू नका. वाळकी काडी बी न्हाई."

"का हो बाबा?"

"आमी कोनीच न्हेत न्हाई. द्येवाचं ऱ्हातंय."

मी मान डोलावली आणि मनात हसलो. रान मात्र खरंच सुंदर. इतकी थंड, ओली, शांत जागा मी आयुष्यात पाहिली नव्हती. सुजाता तर हरखूनच गेली. पण दुकान असलं तरी आम्ही पडलो शेतकऱ्याची जात. खाली पडलेली वस्तू आमच्याच्यानं ओलांडून जाववत नाही. तिला गारंबीच्या वेलाची वाळकी शेंग सापडली, हातभर लांब. ती म्हणाली, "प्रज्ञाला दाखवू." मला एक सरळसोट काठी दिसली. कुदळीला काय मस्त दांडा झाला असता! घेतली.

आणि धुकं आलं. भर दुपारी. बघता बघता समोरचं झाड दिसेना. आम्ही एकामागं एक निघालो, ती पुढं शेंग सांभाळत, मी मागं काठी सांभाळत. तोच गारंबीचा वेल पुन्हा आडवा आला. मग झाडं संपली, पायाखाली गवत लागलं. वाटलं, सुटलो. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. उठून बघतो तर सुजाता नाही!

"सुजाता!"

"आले वो!" आवाज आला, पण कुठून तेच कळेना. पुढून, बाजूनं, सगळीकडून. आणि वारा खालून वर येत होता... खालून वारा म्हणजे कडा जवळ. आणि ती कुठंतरी चालतेय.

"जागची हालू नको! थांब तिथंच!"

"तुमी कुठं हाय? मीच येते!"

तेव्हा घंटा वाजली. उजवीकडं, अगदी जवळ. गाईच्या गळ्यातली. मला सकाळचा पत्ता आठवला आणि त्याच्यासोबत खेळाचा नियमही. हात रिकामा पाहिजे. का ते विचारू नका, पण मी काठी टाकून दिली आणि ओरडलो, "शेंग टाक!"

"अवो, पन प्रज्ञाला..."

"टाक म्हणतो ना!"

घंटेच्या आवाजाकडं धावलो. धुक्यातून तिची हिरवी साडी समोर आली, तिचेही हात रिकामे. मी दोन्ही हातांनी तिचं मनगट धरलं आणि मागं खेचलं. दोघंही गवतात पडलो. क्षणभर धुकं फाटलं. ती उभी होती तिथून पुढं पाऊलभर गवत, आणि मग काही नाही. खाली नुसतं कोकण.

ती रडली. मीही रडलो, लाजायचं काय त्यात. पुन्हा घंटा वाजली, या खेपेला कड्याच्या उलट्या बाजूला. एकमेकांचा हात धरून आम्ही त्या आवाजामागं चालत राहिलो ते थेट टपरीपाशी निघालो. गाय काही दिसली नाही.

"बाबा, गाय कुणाची हो? तिच्यामुळं वाचलो."

बाबा चहा गाळता गाळता थांबले. "कंची गाय? वाघरू हिंडतंय म्हनून गावात कोनीच आज गुरं सोडली न्हाईत. समदी गोठ्यात हायेत."

घरी आल्यावर आधी डबी उघडली. गाईचा पत्ता नव्हता. प्रज्ञाला फोन लावला तर ती हसायला लागली, "पप्पा, मला गाय काढताच येत नाही! म्हैस होते तिची!" पण सुजातानं तो पत्ता पाहिलाय, माझ्याइतकाच स्पष्ट. आम्ही पोरीला पुनःपुन्हा विचारलं, घरभर शोधलं. बाकीचे सगळे पत्ते आहेत. तो नाही.

कारण सापडेल म्हणून मी अजून वाट बघतोय. आता खेळात कधीकधी जिंकतो, काठी टाकायला जमतं. बाजारात जाताना पिशवी एकाच हातात धरतो. दुसऱ्या हातानं सुजाताचा हात धरला की ती म्हणते, "अवो, लोक बघत्यात!"

पण हात काही सोडवून घेत नाही.