खडकवणे ते वाशी, थेट गाडी

हौसेराव शेलार वर्षातले साडेअकरा महिने कोपरखैरण्यात राहत आणि कुणी विचारलं की "आम्ही खडकवण्याचे" म्हणून सांगत. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात ते माथाडी होते. गावातले बहुतेक कर्ते पुरुष याच मार्केटात पाठीवर गोणी वाहत, त्यामुळे सातारा जिल्ह्यातल्या खडकवण्याची खरी वस्ती खाडीकाठीच होती. डोंगरातल्या मूळ गावात म्हातारी माणसं, काही सुना, शाळेतली पोरं आणि दोन नळ उरले होते. एका नळाला पाणी होतं.

त्या म्हाताऱ्यांत हौसेरावांची आई होती, भागीरथीबाई. ब्लडप्रेशरच्या गोळ्यांसाठी त्यांना तालुक्याच्या दवाखान्यात जावं लागे आणि एसटी पकडायला आधी डोंगर उतरून फाट्यापर्यंत चालावं लागे. एकदा त्या वाटेतच चक्कर येऊन पडल्या. तेव्हापासून हौसेरावांनी ध्यास घेतला: एसटी गावात आली पाहिजे. गावाचं एक मुंबई मंडळ होतं. हौसेराव त्याचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी सगळ्यात आधी शिक्का बनवून घेतला.

मंडळाचा अर्ज वाचून एसटी डेपोचे साहेब म्हणाले, गावात माणसं किती आहेत ते एकदा येऊन बघतो, मग ठरवू.

इथे मंडळाची अक्कल चालली. एरवी साहेब आले असते तर त्यांना ओट्यावरच्या म्हाताऱ्या आणि कुत्री दिसली असती. म्हणून त्यांना भैरोबाच्या यात्रेलाच बोलवायचं ठरलं. यात्रेला अर्धं कोपरखैरणे ट्रक-टेम्पो भरून गावात उतरतं. मंडळातला किसन मुकादम खूश होऊन हौसेरावांना म्हणाला, "आण्णा, सायबाला पाय ठेवायला जागा मिळाली न्हाय पायजे."

मिळालीही नाही. साहेबांना फेटा बांधला, मटणाचं ताट वाढलं. साहेब मात्र कामाचे निघाले. जेवून उठल्यावर ते गर्दीत फिरले आणि गाडी कुठे जाणारी हवी, असं एकेकाला विचारत गेले. जो तो म्हणाला, वाशी. तालुक्याचं नाव ज्यांनी घेतलं असतं त्या बाया तेव्हा चुलीपुढे बसून पाहुण्यांच्या भाकऱ्या थापत होत्या.

साहेबांनी गावाची मागणी तंतोतंत पुरी केली. संध्याकाळी सुटून पहाटे वाशीला पोचणारी थेट गाडी सुरू झाली. हौसेरावांनी मार्केटात पेढे वाटले. गाडी जायची तालुक्यावरूनच, पण ती तिथे पोचेपर्यंत दवाखान्याला कुलूप लागलेलं असे. भागीरथीबाईंचं फाट्यापर्यंतचं चालणं चालूच राहिलं.

गाडीचा उपयोग झाला नाही असं मात्र कुणी म्हणू नये. पहिल्या वर्षी तिने गावातल्या सुना वाशीला आणल्या. मग शाळेतली पोरं आणली, मग शाळाच बंद पडली. उरलेली म्हातारी माणसंही एकेक करून लेकांकडे आली. शेवटी हौसेरावांनी आईलाही त्याच गाडीत बसवून आणलं. कोपरखैरण्यात दवाखाना गल्लीच्या तोंडाशीच होता. त्यानंतर गावातून चढायला कुणी उरलं नाही, तेव्हा गाडी बंद झाली. मंडळाने निषेधाचा ठराव एकमताने मंजूर केला.

पुढच्या यात्रेला पुन्हा टेम्पो करावे लागले. यात्रा आटोपली, परतीसाठी सगळे चढले. भागीरथीबाई घराच्या पायरीवरून हलेनात.

"आये, चल की. सकाळी पाळी हाय माझी."

"तुमी जावा. मी हितंच ऱ्हाते."

"आन् गोळ्या संपल्या म्हंजी?"

"जाईन की फाट्याला चालत. आदी काय इमानानं जात हुते?" म्हातारीने पाय पसरले. "उद्या सायब परत मानसं मोजाया आला, तर गावात कुनीतरी नगं व्हय?"

हौसेराव खाली उतरले. आईच्या शेजारी बसले. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला, थोड्या वेळाने पुन्हा दिला. मग त्यांनी सोबत आणलेल्या गोळ्या आईच्या ओटीत ठेवल्या, रोज एक घे म्हणून बजावलं आणि ते टेम्पोत चढले. आत खडकवण्याची बाकीची सगळी लोकसंख्या दाटीवाटीने उभी होती.