हसण्यावर पीएचडी

कुणी विनोद सांगितला आणि आम्ही हसलो, की पंडित हात वर करायचे. "थांबा. का हसलात, ते सांगतो." आणि खरंच सांगायचे, चहा गार होईपर्यंत. "अपेक्षा ताणली गेली आणि अचानक शून्यात विरली, म्हणून हसलात." त्यानंतर तो विनोद पुन्हा कुणी सांगत नसे.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. मी पुण्याहून वर्क परमिटवर मँचेस्टरला आलो होतो आणि पंडित शेजारच्या खोलीत पीएचडी करत होते. 'पंडित' हे नाव आम्हीच ठेवलेलं. विषय असा, की उत्स्फूर्त लोकविनोदाबद्दल जर्मन तत्त्वज्ञ काय म्हणाले. एका पक्षाला विदूषक रंगमंचावरून हाकलायचा होता, दुसरा त्याची बाजू घेत होता. दोन्ही पक्ष पंडितांना तोंडपाठ. मी विचारलं, "तुम्ही स्वतः तमाशा पाहिलाय का?"

"त्याची गरज नसते," ते म्हणाले.

कॉव्हेंट्रीला मराठी मंडळाच्या गणपतीत तात्या बतावणी करणार होते. तात्या तरुणपणी तमाशाच्या फडात सोंगाड्या होते. आता लेकीकडे राहत आणि कित्येक वर्षांत स्टेजवर चढले नव्हते. प्रास्ताविक आपणच करणार, असा पंडितांनी हट्ट धरला. वर तात्यांकडे संहिता मागितली.

"अहो, समोर माणसं बसल्याशिवाय मी काय बोलणार, हे मला तरी कुठं ठाऊक?" तात्या म्हणाले.

हॉल सहाला रिकामा करायचा होता. पावणेसहा झाले तरी पंडित स्टेजवर प्रास्ताविकाचे कागद उलटतच होते. तात्यांची लेक घड्याळाकडे बघून रडवेली झाली. शेवटी तात्या स्वतःच फेटा सावरत आले आणि पंडितांच्या पायाशी मांडी घालून बसले.

"साहेब, त्या जर्मन लोकांनी सोंगाड्याला का हो हाकललं?"

"कारण तो लिहिलेलं बोलत नव्हता," पंडित गंभीरपणे म्हणाले.

"असं होय! म्हणजे लिहिलेलं वाचलं, की कितीही वेळ उभं राहिलं तरी चालतं!"

हॉलमध्ये एकच हशा पिकला. पंडित कागद गोळा करून खाली उतरले. उरलेल्या दहा मिनिटांत तात्यांनी लोकांना रडेपर्यंत हसवलं. 

पुढे प्रबंध पुरा झाला. त्यात तो प्रसंग तळटीपेत होता: 'एका स्थलांतरित वृद्धाशी झालेला संवाद.' तात्या तोवर वारले होते. मला संताप आला. इतक्या जर्मनांची नावं लिहिणाऱ्या या माणसाला आपल्या एका सोंगाड्याचं नाव लिहवेना!

नोकरी मिळून पंडित जर्मनीला निघाले, तेव्हा स्टेशनवर सोडायला गेलो तो भांडायच्या तयारीनंच. "तात्यांचं नाव का नाही घातलं?"

पंडितांनी चष्मा काढून पुसला. पुसतच राहिले. "त्यांचं नाव घातलं असतं, तर लोक कुणाला हसले, तेही लिहावं लागलं असतं रे. धीर झाला नाही."

एअरपोर्टची ट्रेन आली. मी त्यांची पुस्तकांची जड बॅग उचलून डब्यात ठेवली. भांडण राहूनच गेलं.