नेट कॅफेतला पडदा

बायको गेली त्याला आता वर्ष होईल. तिची आठवण निघाली की मला पहिला तो पडदा दिसतो.

तवा पोरगी दहावीला होती, पोरगा अकरावीला. भोकरदनला स्टँडजवळ नेट कॅफे निघाल्ता. विज्ञानाचे धडे तिथं कॉम्प्युटरवर बघायला मिळतात, असं शाळेतल्या सरांनी सांगितलं. पोरगा गाड्यांचे गेम खेळून यायचा, त्याला कोणी टोकत नव्हतं. एक दिवस पोरगी म्हणाली, "मला बी जायचंय."

पोरगा हसला, "तुला काय कळतं त्यातलं?"

"वर्गात कळलं न्हाई म्हणून दुसऱ्यांदा विचारलं की पोरं हसतात. ते मशीन हसत न्हाई."

मला धडकीच भरली. तिथं बसायला लाकडी खोपट्या होत्या, दर खोपटीला पडदा, आत पोरंच पोरं. पोरगी पडद्याआड बसली एवढं आमच्या गावात, धावड्यात कळलं, की तिचं नाव खराब. मी साफ न्हाई म्हणालो.

बायको म्हणाली, "मी बसते तिच्यासंगं." तिला सही बी येत नव्हती.

बाजारच्या दिवशी तिघं गेलो. बायकोनं आत जाताच पडदा वर गुंडाळला आणि अंबाड्यातला आकडा काढून त्याला लावला. मी बाहेर पायरीवर बसलो. येणारा-जाणारा आपल्याच गावचा वाटायचा.

तेवढ्यात लाईट गेली. आत अंधार, पोरांच्या शिट्ट्या, आरडाओरडा. आत घुसून पोरीला हाका मारल्या.

"वरडू नका," अंधारातून बायको बोलली. "माझा हात तिच्या खांद्यावर हाय."

लाईट आली, तर दारात भावकीतला एक जण उभा. बायको मोठ्यानं म्हणाली, "भाऊजी, पुढल्या बाजारला तुमच्या पोरीला बी आणा. जागा हाय इथं."

तो तसाच माघारी गेला. दिवस मावळायच्या आत गावभर झालं. हापशावर बायका हिला ऐकवून राह्यल्या, "असल्या पोरीला सून कोण करून घेईल?"

मी म्हणालो, "झालं समाधान? आता बस कर."

"तिचा धडा अर्धा राह्यलाय," ती म्हणाली.

पुढल्या बाजारी दोघी माझ्या आधी एसटीत चढल्या. माझी भीती बिलकुल गेली नव्हती. तरी मंग त्याच पायरीवर जाऊन बसलो. आत बायको पडद्याला आकडा लावून राह्यली होती.