भांगातला खून शोधत मुरुडला

मुरुडला मी समुद्र बघायला गेलो नाही, जळफळाट झाला म्हणून गेलो. आधीच सांगून टाकतो, म्हणजे फोटोंच्या आशेने आलेल्यांचा वेळ जायला नको.

सदानंद कोर्लेकर हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. बंदरखात्यात कारकुनी करत या माणसाने खिशात मावतील अशा ढीगभर रहस्यकथा लिहिल्या, दोन-तीन सिनेमांचे संवाद लिहिले आणि मग लोक त्यांना साफ विसरले. त्यांना रद्दीतून हुडकून काढलं ते मी. नऊ वर्षं या ब्लॉगवर त्यांच्याबद्दल मी एकटा लिहितोय. आता त्यांची एक कादंबरी पुन्हा छापली जातेय, आणि प्रस्तावना कोणाची? मुक्ताची. मुक्ता म्हणजे माझ्याच लेखांखाली 'सर, अजून लिहा ना' म्हणणारी मुलगी. तिने फोन करून आनंदाने बातमी दिली. मी तोंडभरून अभिनंदन केलं आणि मग दिवसभर बायकोवर खेकसत राहिलो.

वर मुक्ता मुरुडला कोर्लेकरांच्या घरीही जाऊन आली होती. नऊ वर्षांत मला ते सुचलं नव्हतं. तिला न सापडलेलं काहीतरी आपल्याला सापडेल, एखादी वही, एखादं पत्र, अशा आशेवर शनिवारी सकाळी मी निघालो.

जाणाऱ्यांसाठी: गेटवेहून मांडव्याची पहिली बोट धरा. बहुतेक बोटींच्या तिकिटातच अलिबागपर्यंतची बस असते, पावसाळ्यात मात्र हे सगळं बंद. अलिबाग स्टँडवर रेवदंड्यावरून जाणारी मुरुड एसटी पकडायची आणि उजवीकडची खिडकी सोडायची नाही. चौलच्या वाड्यांतून गाडी इतकी वळणं घेते की हातातलं पुस्तक बंदच करावं लागतं. रेवदंड्याचा पूल ओलांडल्यावर कोर्लईला उतरणाऱ्या एका बाईंना मी विचारलं, लेखक कोर्लेकर ऐकलेत का. त्यांनी विचारलं, बोट कुठली त्यांची. काशीदला निम्मी गाडी रिकामी झाली आणि पुढे मुरुडपर्यंत मी ऐसपैस बसून गेलो.

किनाऱ्याजवळ नारळाच्या वाडीत साधा लॉज मिळाला. जेवायला बांगडा, तांदळाची भाकरी आणि सोलकढी. शनिवार-रविवारी भाव चढे असतात, जमलं तर मधल्या वारी जा. बांगडा अप्रतिम होता, पण समोरच्या खुर्चीत मुक्ताने बसून खाल्ला असेल का, हाच विचार डोक्यात होता. माझं हे असं आहे.

कोर्लेकरांच्या मुलीचं, कुसुमताईंचं घर बाजारामागे आहे; त्याच दुपारी तिथे गेलो. सत्तरी ओलांडलेल्या बाई. मी नाव सांगितलं तर म्हणाल्या, मुक्ता सांगत होती तुमच्याबद्दल. म्हणजे माझी ओळखही तीच करून देऊन गेली होती. चहा येईपर्यंत मुक्ताचं कौतुक चाललं होतं: चार दिवस राहिली, लसूण सोलून दिला, वडिलांच्या वह्यांना कव्हरं घातली. वह्या बघायला मिळतील का, असं मी विचारलं. प्रत्येक वहीवर मुक्ताच्या सुबक अक्षरात चिठ्ठी होती. मला त्या अक्षराचाही राग आला.

तेवढ्यात फोन वाजला. मुक्तानेच नव्या पुस्तकाचं मुखपृष्ठ पाठवलं होतं: लाल अक्षरांत 'भांगेतला खून'. चांगलं दिसत होतं, हे मान्य करणं जिवावर आलं. कुसुमताईंचा चष्मा आत होता, म्हणून मी फोन शेजारी बसलेल्या हरिश्चंद्रदादांपुढे धरला. हे जुने तांडेल. आयुष्यभर बोट चालवली आणि कोर्लेकरांच्या सगळ्या कादंबऱ्या वाचल्या.

त्यांनी मान हलवली. "भांगेतला? भांग पिऊन कोन मेला यात? नाव भांगातला हाय. आठमीला पानी चढत न्हाय, त्याला आमी भांग म्हनतो. उधानाला टाकला असता तं मढा वाहून गेला असता. खुन्याला भांग कलला न्हाय, म्हनून गावला."

मी फोन खाली घेतला. कारण ही दुरुस्ती माझी होती. जुन्या प्रतीवर 'भांगातला'च आहे. ती छपाईची चूक आहे, काना पडलाय तिथे मात्रा हवी, असा लांबलचक लेख मी लिहिला होता. बायको तेव्हा म्हणाली होती, केसांतला भांग असेल, तर मी तिला हसलो होतो. एवढंच नाही, कादंबरीत कोणीच भांग पीत नाही हा लेखकाचा ढिसाळपणा आहे, असंही त्या लेखात ठोकून दिलं होतं. शाळेच्या भूगोलात भांगाची भरती शिकलेला मी! पुरावा म्हणून मी त्या कादंबरीवरच्या सिनेमातलं शिमग्याचं, भांग घोटण्याचं गाणं दिलं होतं.

गाण्याचं नाव काढल्यावर कुसुमताई म्हणाल्या, त्याच गाण्यामुळे वडिलांनी सिनेमा सोडला. निर्मात्याला त्यांनी पाणी, तिथी, सगळं समजावलं होतं. तो म्हणाला, पब्लिकला एकच भांग कळते. वडील दुसऱ्या दिवशी मुरुडला परतले आणि पुन्हा कधी स्टुडिओत गेले नाहीत.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "मंगळवारी छापायला जाणार म्हणत होती ती. तुम्ही सांगा तिला. तुमचं ऐकेल."

मी हो म्हणालो. निघताना त्यांनी ओली सुपारी दिली आणि हरिश्चंद्रदादा लॉजपर्यंत सोडायला आले.

रविवारी परतीच्या बोटीत मुक्ताला निरोप लिहिला आणि पुसला. पुन्हा लिहिला, पुन्हा पुसला. मनात एकच घोळत होतं: छापू दे तिला. चार जाणकार हसतील, मग मी खरा अर्थ सांगणारा लेख लिहीन. चूक माझी होती, पण मुखपृष्ठावर तिचं नाव असणार होतं. सोमवार गेला. मंगळवारी मी मुद्दाम फोन घरी ठेवून फिरायला गेलो.

गुरुवारी फोन केला आणि म्हणालो, आत्ताच लक्षात आलं. पुस्तक तोवर छापून झालं होतं. ती म्हणाली, "सर, बरं झालं सांगितलंत. पण ताईंना कसं सांगू?"

जायचं असेल तर हिवाळ्यात जा, दोन दिवस पुरतात. आणलेली सुपारी आम्ही वाळवली, वह्यांचे फोटोही आहेत. पण मुरुडहून माझ्यासोबत आलं ते कुसुमताईंना दिलेलं ते 'हो'. परवा पुस्तक घरी आलं, लाल अक्षरांत 'भांगेतला खून'च. प्रस्तावनेच्या शेवटी मुक्ताने लिहिलंय की शीर्षकातली जुनी चूक सुधारण्याचं सगळं श्रेय माझं आहे. पुढे माझं पूर्ण नाव. नऊ वर्षं मला कोर्लेकरांच्या पुस्तकात तेच हवं होतं.

मुक्ता, तू हा ब्लॉग वाचतेस. मला शनिवारीच कळलं होतं.