लाल रंगातले आकडे

आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. वडील रेल्वेत, युनियनचे. मी वाचायला शिकले तीच संपाच्या आवाहनांवर. एग्मोर स्टेशनजवळच्या एका रस्त्यावरची झाडं रुंदीकरणात जाणार हे कळलं, तेव्हा मी आधी पत्रक लिहिलं. 'खून' हा शब्द त्यात चार वेळा होता.

ते घेऊन मैलापुरात एका निवृत्त वनाधिकाऱ्यांकडे गेले. झाडांवरची त्यांची सोपी तमिळ पुस्तकं शाळेतली मुलंही वाचत. त्यांची सही हवी होती. घरी ते जुन्या वळणाचं तंजावरी मराठी बोलत.

"झाडें किती?" त्यांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं.

"खून म्हणतेस, आणि मरणार किती ठाऊक नाहीं? जा, मोज. घेर छातीच्या उंचीवर घे. मग ये."

आम्ही चौघी मैत्रिणी गेलो. दोन्ही बाजूंना मिळून एकोणीस पर्जन्यवृक्ष निघाले. मोजताना गोंधळ नको म्हणून प्रत्येक खोडावर लाल ऑइलपेंटनं आकडा घातला, बसमधून दिसेल असा ठळक.

तीन दिवसांनी तोडणारे आले. पालिकेच्या आदेशात पूर्वेकडचीच सात झाडं होती. त्यांनी सुरुवात पश्चिमेकडून केली, आमच्या एक नंबरपासून. मी पोचले तेव्हा दोन आडवी झाली होती.

"नंबर घातलेलीच तोडतोय, अम्मा," मुकादम म्हणाला. "उगाच कोण नंबर घालतं?"

मी बूथवरून वनाधिकारी सरांना फोन केला. ते रिक्षानं आले, मुकादमाकडून आदेश मागून घेतला आणि काम थांबवलं. मग खोडांकडे वळले.

"अय्यो, हे आकडे कोण घातलें?"

"आम्ही."

"जंगलांत आकडा पडतो तो तोडायच्या झाडावर. राहणाऱ्याला कोणी रंग लावत नाहीं."

"मोजायला तुम्हीच सांगितलंत, सर."

"वहींत मोज म्हटलों होतों." मग ते म्हणाले, "हें तुला सांगायला हवें होतें. माझ्या पुस्तकांतही कुठें लिहिलों नाहीं."

दुपारभर आम्ही तारेच्या ब्रशनं आकडे घासले. सही देईन, ते म्हणाले, पण पश्चिमेकडची दोन झाडं कशी गेली हे पत्रकात आधी यायला हवं.

"म्हणजे पालिकेला आयतं कोलीत!" एक मैत्रीण भडकली. "असलं पत्रक वाटणार कोण?"

"मी."

दुसऱ्याच्या चुका मोठ्या टायपात छापायच्या आणि आपली गिळून टाकायची, हे मला जमणारं नव्हतं. मी पहिलं वाक्य लिहिलं: 'या रस्त्यावरची दोन झाडं आमच्या चुकीनं गेली.' सरांनी वाचलं आणि खाली सही केली.

पूर्वेकडची सात आदेशाप्रमाणे पडली. पश्चिमेकडची उरलेली दहा राहिली. दोन दिवस मी एकटीच स्टेशनच्या दाराशी पत्रकं वाटत उभी होते. लोक पहिलं वाक्य वाचत, मान वर करून माझ्याकडे बघत, आणि मग पुढचं वाचत.