दहा मोजले की विझणारा बॉयलर

मुलगा म्हणाला, "आई, आता खलास. आज बॉयलर चालला नाही, तर उद्यापासून अळूवडी फ्रोझन मागवायची. तू घरी आराम कर."

मी म्हटलं, "आराम तू कर. घाम तुला फुटलाय."

इथे आखातात, हमरियाजवळ आमचं डब्यांचं किचन आहे. मागच्या शेडमध्ये डिझेलवर चालणारा छोटा बॉयलर आहे. त्याच्या वाफेवर इडल्या आणि अळूवडीचे उंडे उकडतात. वाफेचं काम पहिल्यापासून माझं, बाकी किचन मुलाचं आणि सुनेचं. ही शेड गेली की मला फ्लॅटमध्ये टीव्हीसमोर बसवणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. मुलगा बरेच महिने निमित्तच शोधत होता.

ते त्याला मिळालं. बॉयलरचं नॉझल, म्हणजे डिझेलचा फवारा मारणारं तोंड, खराब झालं होतं. मेकॅनिकने सकाळी नवं बसवलं. बटण दाबलं, मोटर फिरली, भप्पकन जाळ पेटला आणि थोड्या वेळाने विझला. लाल दिवा लागला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

मेकॅनिक पेशावरकडचा. कामाला चांगला, पण घाईचा. त्याने निकाल देऊन टाकला, "कंट्रोल बॉक्स गया. नया चार दिन में आएगा, इन्शाल्ला."

"यल्ला, बंद करो," मुलगा म्हणाला.

"बंद काही करायचं नाही," मी म्हटलं. "फिर से चालू कर."

"अम्मा, आप कुर्सी पे बैठो."

"कुर्सी तू ले. बटन दबा."

मी चौथी शिकले. मशीनचं पुस्तक मला वाचता येत नाही. पण माझं अर्धं आयुष्य रॉकेलच्या स्टोव्हपुढे गेलंय. भोकात कचरा अडकला की जाळ फुरफुरतो, एका बाजूला पळतो. हा तसा नव्हता. काचेच्या झरोक्यातून पाहिला तर सरळ, भरलेला, आवाजही एकसारखा. मी मनात मोजायला लागले. दहाला विझला. पुन्हा लावायला लावला, पुन्हा दहालाच. तिसऱ्यांदाही दहा.

"ये अपने आप नहीं मरता," मी म्हटलं. "इसको कोई मारता है. कौन?"

तो हसला. मग हसायचा थांबला. म्हणाला, बर्नरमध्ये एक छोटी काच असते, तिला आम्ही आँख म्हणतो. तिला जाळ दिसला नाही, तर डिझेल बंद होतं.

"तो उसको दिखता नहीं. निकाल."

"अम्मा, सुबह ही निकालके वापस लगाया."

"इसीलिए निकाल."

त्याने काढली. बोटाएवढा तुकडा. काचेवर लाल चिकटा.

मी बघताक्षणी ओळखलं. नवा पार्ट आला की हळदकुंकू लावल्याशिवाय मी तो बसवू देत नाही. सकाळी मेकॅनिक चहा पीत होता. नॉझल आणि बर्नरमधून काढलेले तुकडे कागदावर मांडलेले होते. मी नॉझलला ओलं कुंकू लावलं आणि बाकीच्यांना का वगळायचं म्हणून त्यांनाही लावलं. त्याने न बघता सगळं बसवलं.

"आई! हे तुझं काम?"

"माझंच. इथे दुसरं कोण लावतं कुंकू?"

"म्हणून सांगतोय, घरी बस!"

"का बसू? बिघडवलं मी, शोधलंही मीच. तुझा कंट्रोल बॉक्स चार दिवसांनी आला असता, तरी काच आंधळीच राहिली असती. मग काय, मोटर मागवणार होतास?"

काच पुसायला मी पदर पुढे केला, तो मेकॅनिकने नाकारला आणि स्वतःच्या मऊ फडक्याने ती पुसली. बसवली. बटण दाबलं. मी मोजलं. दहा. अकरा. वीस. चाळिसाला मोजणं सोडलं, कारण उंडे चाळणीत मांडायचे होते. डबे घेऊन अबुधाबीला जाणारी गाडी दुपारी निघणार होती.

"अम्मा, मेरे साथ नौकरी करोगी?"

"तू चाय पिएगा और काम मैं करूँगी? नको."

फ्रोझनचं नाव त्या दिवसानंतर निघालं नाही. शेड माझ्याकडेच आहे. सुट्या तुकड्यांना मी आता कुंकू लावत नाही, बॉयलरच्या पत्र्यावर बाहेरून लावते. मुलगा म्हणतो, तेही नको. मी रोज लावते, तो समोर असताना.