पटावरच्या पोराचा भात

एकोडीच्या पुढे, तळ्याच्या पाळीखाली आमचं गाव. नाव सांगत नाही. सांगितलं तर उद्या सकाळी तेजराम गुरुजी माझ्या दारात उभे राहतील. माणूस वाईट नाही. पण पट घसरला की शाळा बंद पडेल या धास्तीने तो कुणाचंही पोर पटावर घेतो.

सूरज असाच आला. आजोबांची धानाची शेती आमच्या शिवारात, पोरगा मात्र भंडाऱ्याला आईबापाजवळ, शिकवणीही तिथेच. तिसरीपासून नाव तेवढं आमच्या शाळेत. कारण उघड होतं. सरकारी निवासी शाळेत सहावीच्या बहुतेक जागा खेड्यात शिकलेल्या पोरांना राखीव असतात. परीक्षा जन्मात एकदाच. पोर लागलं की बारावीपर्यंत राहणं, खाणं, शिकणं फुकट.

आमच्या शाळेत पोषण आहार शिजवते रेवताबाई. नवरा खेमराज तळ्यात मासे धरतो. त्यांची नीतू सूरजच्याच वर्गात होती, म्हणजे सूरज हजेरीपुरता. सूरज कागदावर रोज हजर, म्हणून तांदूळही त्याच्या नावाचा निघायचा. तो भात उरायचा, रेवताबाईच्या डब्यातून घरी जायचा आणि संध्याकाळी नीतू खायची. यात पाप आहे असं रेवताबाईला वाटलं नाही. मलाही वाटलं नसतं. शिजलेला भात काय फेकून द्यायचा?

एकदा तालुक्याहून साहेब तपासणीला आले. "हा सूरज कुठे आहे?" असं त्यांनी विचारताच गुरुजींचं तोंड उतरलं. रेवताबाई चुलीजवळूनच बोलली, "ताप आहे जी आज त्याले. नाही तं रोज येते. काल तं दोनदा भात मागतला त्यानं. वरणातला कांदा तेवढा बाजूले काढते."

साहेब हसले आणि गेले. गुरुजींनी हात जोडले. रेवताबाई दिवसभर बायांना सांगत फिरली, कशी वेळ मारून नेली म्हणून.

मग त्या निवासी शाळेच्या परीक्षेचा निकाल लागला, नीतूनेही ती दिली होती. सूरजचं नाव आलं. नीतू थोडक्यात राहिली. गुरुजी म्हणाले, प्रतीक्षा यादीत आहे, कुणी जागा सोडली तर बोलावतील. असली जागा कोण सोडतो? सूरज हुशार असेलच, मी नाही म्हणत नाही. पण शिकवणी शहराची आणि जागा खेड्याची, दोन्ही हातांत लाडू! मला अजून संताप येतो.

रेवताबाई संतापली नाही. ती भ्यायली. पोरं ओळीने जेवायला बसली की शेवटी एक पोर जास्तीचं दिसतं, असं ती सांगू लागली. खरा सूरज तिने कधी पाहिलाच नव्हता, म्हणून या पोराला चेहरा नाही. पण ताट पुढे करतं, दुसऱ्यांदा भात मागतं आणि कांदा बाजूला काढतं. तिने वरणात कांदा घालणं सोडून दिलं. तरी ते यायचं राहिलं नाही.

मी समजावलं, "बाई, भूतबीत काही नसते. पोरगा जिता आहे, तिकडं मजेत आहे."

"तो तं तिकडं आहे जी," ती म्हणाली. "हा मी बनवलेला आहे. हा कोठं जाईल?"

त्या दिवसापासून मीही पोरांच्या ओळीकडे बघत नाही. खोटं का सांगू?

यंदा पटावर भंडाऱ्याचं आणखी एक नाव चढलं आणि भात पुन्हा उरू लागला. रेवताबाई आता तो घरी नेत नाही, पाळीवरून तळ्यात ओतते. नीतू सहावीला शेजारच्या गावच्या शाळेत पायी जाते. परवा मी मासोळ्या घ्यायला त्यांच्याकडे गेले, तेव्हा पोरगी नुकतीच घरी आली होती. तिने आईचा डबा उघडला. रिकामा होता.

"आई, भात काहून नाही आणत तू आता?"

"आपला नाही तो, माय."

"तिकडं सूरज माझ्या जागेवर बसून जेवून राहिला. मंग इकडं त्या भंडाऱ्याच्या पोरायच्या वाट्याचं मी कायले सोडू?"

ती भांडत नव्हती. खरंच विचारत होती. पायी चालत आली होती आणि भूक लागली होती तिला.